लाकडातील ॲलिस

बँकेच्या तिजोरीत माणसे सोने ठेवतात, जडजवाहीर ठेवतात, घरादाराची कागदपत्रे ठेवतात. १९८५ साली लंडन शहरातील एका बँकेच्या तिजोरीत मात्र लाकडाचे ठोकळे सापडले. काही तळहातावर सहज मावतील एवढे लहान, तर काही पुस्तकाच्या पानाएवढे. जाणत्या माणसाच्या हाती ते पडले नसते, तर चुलीत घालण्यापलीकडे त्यांचा उपयोग कोणाला सुचला नसता. परंतु प्रत्येक ठोकळ्याचे एक अंग अगदी गुळगुळीत होते आणि त्यावर केसासारख्या बारीक रेघांचे दाट जाळे कोरलेले होते. असा ठोकळा उजेडात तिरपा धरला, की त्या जाळ्यातून एक ससा हळूहळू बाहेर येऊ लागतो. त्याच्या अंगात कोट आहे, काखेत छत्री आहे, आणि हातातील घड्याळाकडे तो मोठ्या काळजीने पाहत आहे. दुसऱ्या ठोकळ्यावर लांब केसांची एक मुलगी उभी आहे. सारेच मात्र उलटे. उजवे ते डावे, आणि डावे ते उजवे.

हे ठोकळे म्हणजे ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’ आणि ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या दोन इंग्रजी पुस्तकांतील चित्रांचे मूळ ठसे होत. पुस्तकांचे प्रकाशक मॅकमिलन यांच्या मालकीचे ते होते. सशाच्या बिळातून अजब देशात उतरलेल्या ॲलिसची गोष्ट शंभराहून अधिक भाषांत गेली आहे, आणि ती जेथे जेथे गेली तेथे बहुधा ही चित्रेही तिच्या पाठोपाठ गेली. तथापि नवल असे, की त्या पुस्तकांच्या ज्या असंख्य प्रती आजवर निघाल्या, त्या या ठोकळ्यांवरून कधी छापल्याच गेल्या नव्हत्या. लाकूड तिजोरीत निजून होते आणि चित्रे जगभर हिंडत होती. हे कसे घडले, हे समजून घ्यावयाचे तर आधी ऑक्सफर्ड नगरीत जावे लागते.

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात चार्ल्स लुटविज डॉजसन नावाचे गणिताचे अध्यापक होते. पुढे लुइस कॅरल या टोपणनावाने ते प्रसिद्धीस आले. गणिताच्या शिक्षकांविषयी विद्यार्थ्यांचा काय समज असतो हे सर्वश्रुत आहे. डॉजसन त्या समजाला उभे राहून छेद देणारे गृहस्थ होते. स्वभावाने लाजाळू, बोलताना अडखळणारे. पण मुलांत बसले की त्यांच्या गोष्टींना खळ नसे. ४ जुलै १८६२ रोजी त्यांनी आणि त्यांचे मित्र डकवर्थ यांनी कॉलेजप्रमुख लिडेल यांच्या तीन मुलींना नावेतून नदीच्या सफरीस नेले. लोरीना तेरा वर्षांची, ॲलिस दहांची आणि ईडिथ आठांची. वल्ही मारता मारता डॉजसन यांनी एक गोष्ट रचून सांगितली. ती संपल्यावर ॲलिसने हट्ट धरला, की ही गोष्ट मला लिहून द्या.

मुलांच्या हट्टाला मोठी माणसे बहुधा ‘पाहू’ असे म्हणतात, आणि ‘पाहू’ म्हणजे काय हे मुलांना ठाऊक असते. डॉजसन यांनी मात्र गोष्ट खरोखरच लिहून काढली. सुवाच्य अक्षरात, स्वतःच्या हाताने काढलेल्या ३७ चित्रांसह तयार झालेली ती वही त्यांनी नोव्हेंबर १८६४ मध्ये ॲलिसच्या हाती ठेवली. सबंध जगात तिची प्रत एकच होती. वृद्धपणी, १९२८ साली, ॲलिसला ती विकावी लागली, तेव्हा लिलावात तिला १५,४०० पौंड आले आणि ती अमेरिकेत गेली. १९४८ साली काही अमेरिकन मंडळींनी ती पुन्हा विकत घेऊन इंग्लंडला भेट म्हणून परत केली.

गोष्ट छापावी असे ठरले, तेव्हा डॉजसन यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो चित्रांचा. आपली चित्रे एका मुलीला देण्यापुरती ठीक आहेत, पण छापील पुस्तकाला ती पुरी पडणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. आपल्या हाताचे उणेपण ओळखणे सोपे नसते. त्यांनी जॉन टेनिएल यांना गाठले. टेनिएल हे ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे नामांकित व्यंगचित्रकार. विशीत असताना वडिलांबरोबर तलवारीचा सराव करताना पात्याचा स्पर्श होऊन त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. इजा किती मोठी आहे हे त्यांनी वडिलांना कधी कळू दिले नाही, असे सांगतात. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी जन्मभर चित्रे काढली. पहिल्या पुस्तकासाठी त्यांनी ४२ चित्रे काढली आणि त्याबद्दल डॉजसन यांनी त्यांना १३८ पौंड दिले. ही रक्कम प्रकाशकाने द्यावयाची नव्हती. पुस्तकाचा सगळा खर्च लेखकाने सोसावयाचा, असाच करार होता.

त्या काळी चित्र छापावयाचे तर ते आधी लाकडात उतरावे लागे. लाकूडही साधे चालत नसे. बॉक्स नावाचे एक झाड आहे. ते अतिशय सावकाश वाढते, त्यामुळे त्याचे लाकूड हस्तिदंतासारखे घट्ट आणि गुळगुळीत असते. फळी कापतात तसे ते उभे न कापता खोडाच्या आडव्या चकत्या पाडीत, म्हणजे रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणत्याही दिशेने कोरली तरी लाकूड उकलत नाही. या झाडाचे खोड फार जाड होत नाही. म्हणून मोठे चित्र असेल तर लहान लहान तुकडे एकमेकांस बेमालूम जोडून ठोकळा करावा लागे. ठोकळ्याची उंची छापखान्यातील शिशाच्या खिळ्यांएवढी ठेवीत, म्हणजे अक्षरांच्या शेजारी तो बसे आणि दोन्हींवर एकाच वेळी शाईचा रूळ फिरे.

ठोकळ्याच्या गुळगुळीत अंगावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देत. टेनिएल प्रथम कागदावर चित्र काढीत, मग पातळ कागदाच्या साहाय्याने ते उलटे करून त्या पांढऱ्या अंगावर उतरवीत आणि टोकदार पेन्सिलीने पुरे करीत. येथे त्यांचे काम संपे व कोरक्याचे सुरू होई. कोरक्याने करावयाचे काय? रेघ कोरावयाची नाही, रेघ सोडून बाकीचे सारे लाकूड कोरून टाकावयाचे. जे उंच राहील त्याला शाई लागेल आणि ते काळे उमटेल. जे खोल जाईल ते पांढरे राहील. एक साधी रेघ राखण्यासाठी तिच्या दोन्ही बाजूंनी कोरणी चालवावी लागते. सावली दाखविण्यासाठी टेनिएल आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढीत. पेन्सिल धरणाऱ्याला ते काम काही क्षणांचे. परंतु कोरक्याला त्या जाळीतील मोहरीएवढ्याही नव्हेत अशा एकेका घरातील लाकूड वेचून काढावे लागे. ठोकळा कातड्याच्या वाळूभरल्या उशीवर ठेवून तो हळूहळू फिरवावयाचा, डोळ्याला भिंग लावावयाचे, रात्र झाली तर दिव्यासमोर पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून त्यातून प्रकाशाचा ठिपका ठोकळ्यावर पाडावयाचा, आणि श्वास आवरून कोरणी पुढे सरकवावयाची. हात एकदा घसरला की गेलेले लाकूड परत येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोरणी जसजशी चालत जाई तसतसे टेनिएल यांनी ठोकळ्यावर काढलेले मूळ चित्र नाहीसे होत जाई. पांढरा हात गेला, पेन्सिल गेली. उरले ते कोरक्याच्या हाताने राखलेले लाकूड. आज ज्याला सारे जग टेनिएल यांची ॲलिस म्हणून ओळखते, तिच्या डोळ्यांतील विचारमग्न भाव अखेर दुसऱ्याच कोणाच्या तरी कोरणीतून उतरलेला आहे. हे काम लंडनमधील डॅलझील बंधूंच्या कारखान्यात झाले. जॉर्ज आणि एडवर्ड हे त्यातील प्रमुख. त्यांची बहीण मार्गारेट हीसुद्धा कोरकाम करीत असे. त्यांच्या हाताखाली कसबी कारागीर आणि शिकाऊ उमेदवार असत. चित्राच्या कोपऱ्यात टेनिएल यांची मुद्रा असते आणि दुसरीकडे ‘डॅलझील’ एवढीच अक्षरे. त्या एका नावाच्या मागे किती माणसे बसली होती, हे त्या सहीवरून समजण्याचा मार्ग नाही.

कोरून झालेल्या ठोकळ्याचा एक छाप काढून तो टेनिएल यांच्याकडे जाई. ते त्यावर पांढऱ्या रंगाने खुणा करून तो परत पाठवीत: येथे सावली हलकी करा, येथे रेघ बारीक करा. हलके करणे जमण्यासारखे असे. परंतु मूळ आकृतीच बदलावयाची झाली तर तेवढा भाग भोक पाडून काढून टाकावा लागे, त्यात नव्या लाकडाचा तुकडा पाचरीसारखा घट्ट बसवावा लागे, आणि तो नव्याने कोरावा लागे. दुसऱ्या पुस्तकात ॲलिस राणी होते; तेथे प्रथम काढलेला तिचा घोळदार झगा पुढे बदलावयाचे ठरले आणि कोरून तयार झालेल्या ठोकळ्यांवर हीच शस्त्रक्रिया करावी लागली. छापील चित्र पाहणाऱ्याला सांधा दिसत नाही.

एवढ्या कष्टाने घडविलेला ठोकळा सरळ यंत्रावर चढवून हजारो प्रती काढल्या, तर बारीक रेघा झिजतील, एखादी मोडेल, सांधे सैल होतील. म्हणून एक युक्ती करीत. ठोकळा मेणावर दाबून त्याचा साचा घ्यावयाचा, साच्यावर शिसपेन्सिलीत असते तशी काळी पूड पसरावयाची, आणि तो मोरचुदाच्या पाण्यात सोडून विजेचा प्रवाह चालू करावयाचा. विजेच्या योगाने पाण्यातील तांबे त्या साच्यावर बसू लागते आणि काही काळाने तांब्याचे पातळ कवच तयार होते. त्याच्या पाठीमागे शिसे ओतून त्याला बळकटी आणली, की लाकडी ठोकळ्याची हुबेहूब धातूची जुळी मूर्ती हाती येते. ती झिजली तर दुसरी करता येते. ॲलिसची पुस्तके छापली गेली ती या तांब्याच्या जुळ्यांवरून. लाकडाने साचे दिले, आणि ते बाजूला झाले.

१८६५ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डच्या विद्यापीठ मुद्रणालयातून पहिल्या आवृत्तीच्या २००० प्रती छापून निघाल्या. नदीवरील त्या सफरीला ४ जुलै रोजी तीन वर्षे होत होती; त्याच दिवशी ॲलिसला तिची प्रत मिळेल अशी व्यवस्था डॉजसन यांनी केली. आणखीही काही प्रती त्यांनी स्नेह्यांना भेट दिल्या. इतक्यात टेनिएल यांचे पत्र आले. चित्रांची छपाई त्यांना मुळीच पसंत पडली नव्हती.

आज त्या आवृत्तीची प्रत पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना तिच्यातील दोष चटकन दिसत नाही. पण टेनिएल यांच्या एका डोळ्याला तो दिसला होता. ज्या जाळीतील एकेक घर कोरक्याने श्वास रोखून मोकळे केले, तेथे यंत्रावरील माणसाने शाई जरा अधिक दिली किंवा दाब जरा कमीजास्त केला, तर ती सारी घरे पुन्हा बुजून जातात.

आता डॉजसन यांनी काय करावे? पुस्तक छापून झाले होते. अक्षरे स्वच्छ होती. वाचणारी मुले होती, आणि मुले शाईचा दाब तपासून पुस्तक हाती घेत नाहीत, असे कोणीही म्हटले असते. लहानांच्या वस्तूला थोडे उणे असले तर चालते, हा विचार मोठ्यांच्या मनात किती सहज येतो! पैशाचा प्रश्न तर होताच. डॉजसन हे गर्भश्रीमंत नव्हते. त्यांनी आपल्या रोजनिशीत जमाखर्च मांडून पाहिला. साऱ्या प्रती बाद करून पुन्हा २००० छापल्या आणि त्या सगळ्या विकल्या गेल्या, तरीही आपल्याला सुमारे २०० पौंडांची खोट बसेल, असा हिशेब निघाला. त्यानंतर आणखी २००० प्रती खपल्या तर तोंडमिळवणी होईल, त्यापुढे नफा, पण त्याची आशा धरण्यात अर्थ नाही, असेही त्यांना वाटले. गणिताच्या अध्यापकाने मांडलेला हिशेब होता, तो चुकीचा नव्हता. तो पुरा केल्यावर त्यांनी सगळी आवृत्ती मागे घेतली.

भेट दिलेल्या प्रती त्यांनी स्नेह्यांकडून परत मागविल्या. दिलेली भेट परत मागताना त्या संकोची माणसाला काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. परत आलेल्या प्रती त्यांनी मुलांच्या रुग्णालयांना देऊन टाकल्या, आणि छापलेले उरलेले कागद न्यूयॉर्कच्या ॲपलटन या प्रकाशनसंस्थेस विकले गेले. लंडनमध्ये रिचर्ड क्ले यांच्या छापखान्यात पुस्तक नव्याने छापले गेले. नोव्हेंबर १८६५ मध्ये ते तयार झाले. त्यावर साल मात्र १८६६ असे घातले होते. ही छपाई टेनिएल यांना पसंत पडली. पुढचा खप किती झाला, हे सांगावयास नको.

हा काटेकोरपणा वयाबरोबर निवळला नाही. १८८९ साली अगदी लहान मुलांसाठी टेनिएल यांनी मोठी करून रंगविलेल्या २० चित्रांचे पुस्तक छापून झाले, तेव्हा रंग फार भडक झाले म्हणून डॉजसन यांनी १०,००० प्रती नाकारल्या. मुद्रकांना असा ग्राहक नकोसा वाटला असेल, आणि त्यांना अगदीच दोष देता येत नाही.

गमतीची गोष्ट अशी, की मागे घेतलेल्या त्या १८६५ च्या आवृत्तीच्या आज जेमतेम दोन डझन प्रती जगात उरल्याचे ज्ञात आहे, आणि संग्राहक तिच्यासाठी वाटेल ते मोल मोजतात. जी करणाऱ्यालाच नकोशी झाली, ती दुर्मिळ झाली म्हणून अनमोल ठरली. ही दुर्मिळता अपघाताची. पण दुर्मिळता हेतुपूर्वकही ठेवता येते, आणि तिजोरीतील ठोकळे सापडल्यानंतर नेमके तेच झाले.

ठोकळे पाहून जाणकारांना आनंद झाला तो केवळ जुनी वस्तू मिळाली म्हणून नव्हे. तांब्याची जुळी कितीही हुबेहूब असली तरी साच्यातून जाताना अगदी बारीक रेघेचे पाणी किंचित उतरते. पुढे त्या जुळ्यांवरून छापलेल्या पानांचे फोटो घेऊन नवे ठसे झाले, त्यांवरून आणखी नवे. पिढ्यान्‌पिढ्या नकलेची नक्कल होत गेली. वाचकांनी ॲलिस पाहिली होती खरी, परंतु डॅलझील यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ॲलिस, तेव्हा काढलेले मोजके कच्चे छाप सोडले, तर कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. म्हणून मूळ लाकडावरून एकदा नीट छाप काढावेत, असे ठरले. ऑक्सफर्डशायर परगण्यातील रॉकेट प्रेस या लहानशा छापखान्यात जोनाथन स्टीफनसन यांनी हे काम केले, आणि १८८८ नव्हे तर १९८८ साली, म्हणजे ठोकळे कोरल्यानंतर सव्वाशे वर्षांनी मॅकमिलन यांनी त्या छापांचे संच प्रसिद्ध केले. संच किती? फक्त २५०.

अडीचशेच का, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आपल्याकडे राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे राजवाड्यातून निघून सामान्य माणसाच्या घरातील भिंतीवर जावीत म्हणून. तेथे जितक्या अधिक प्रती तितके चांगले. मर्यादित आवृत्तीची रीत याच्या उलट असते. किती छाप काढावयाचे ते चित्रकार किंवा मुद्रक आधीच जाहीर करतो, आणि तो आकडा पुरा झाला की थांबतो. छापाच्या खालच्या कडेला पुष्कळदा १७/२५० असे काहीतरी लिहिलेले आढळते. तो अपूर्णांक नव्हे. अडीचशेपैकी हा सतरावा, एवढाच त्याचा अर्थ. शब्द पाळला जाईल याची खात्री पटावी म्हणून काही ठिकाणी काम झाल्यावर ठशावर आडवी रेघ ओढून तो निकामी करण्याचीही चाल आहे. ॲलिसच्या ठोकळ्यांना अशी रेघ ओढण्याचे पाप कोण करील? येथे मर्यादा घालण्याचे खरे कारण दुसरे आहे. जुने लाकूड नाजूक असते. प्रत्येक छापाबरोबर रूळ फिरतो, दाब पडतो. जेथे चित्र गडद हवे तेथे अधिक दाब आणि जेथे रेघ विरत जाते तेथे कमी, हे साधण्यासाठी मुद्रक कागदाचे पातळ तुकडे लावून तास तास जुळणी करीत बसतो. एकेका ठोकळ्याचा स्वभाव ओळखावा लागतो. अशा कामाला हजारांचा हिशेब सोसत नाही.

त्या छापांत काय दिसते? जी ठिकाणे साध्या पुस्तकात नुसती काळी दिसतात, तेथे काळोखाच्या आत रेघा दिसतात. दुसऱ्या पुस्तकात जॅबरवॉक नावाचा एक भयंकर पंखवाला प्राणी आहे. ते चित्र पुस्तकाच्या आरंभी घालावयाचे होते. परंतु लहान मुले भितील की काय, अशी शंका डॉजसन यांना आली. तेव्हा त्यांनी सुमारे तीस मुलांच्या मातांना विचारून पाहिले, आणि अखेर ते चित्र आतल्या पानात गेले. आरंभी आला तो एक म्हातारा, भोळा, घोड्यावर नीट न बसता येणारा सरदार. मूळ लाकडाच्या छापात जॅबरवॉकच्या पाठीमागचे रान पाहावे, म्हणजे त्या मातांना विचारले हे बरे झाले असे वाटू लागते.

हे अडीचशे संच ग्रंथालयांत आणि संग्राहकांच्या कपाटांत गेले. तेथे त्यांना दमट हवेपासून आणि उन्हापासून जपतात, आणि स्वच्छ हातांनीच ते उघडतात. हे सारे योग्यच आहे. परंतु ज्या मुलांच्या पुस्तकासाठी एका माणसाने २००० प्रती बाद केल्या, त्या मुलांच्या हाती हे उत्तमात उत्तम छाप सहसा पडावयाचे नाहीत, हेही खरे. एखाद्या प्रदर्शनात काचेआडून पाहावयास मिळाले तर तेवढेच.

मात्र या कथेतील एक जागा अशी आहे, की जेथे तो मौल्यवान संच साध्या पुस्तकापुढे हरतो. दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभी ॲलिस दिवाणखान्यातील शेकोटीच्या फळीवर चढते आणि वरच्या आरशातून पलीकडे निघून जाते. या प्रसंगाची दोन चित्रे आहेत. पहिल्यात ती आरशाला हात लावून आत शिरत आहे आणि तिची पाठ आपल्याकडे आहे. दुसऱ्यात ती आरशाच्या पलीकडून बाहेर येत आहे आणि तिचे तोंड आपल्याकडे आहे. पुस्तकात ही दोन चित्रे एकाच पानाच्या दोन अंगांवर, पाठीला पाठ लावून छापली होती. वाचणारे मूल पान उलटते, आणि त्या क्षणी ॲलिस कागदातून आरपार जाते. तेथे कागद हाच आरसा होतो.

संचातील छाप सुटे आहेत. ॲलिस एका कागदावर आत शिरते आणि दुसऱ्याच कागदावर बाहेर येते. मध्ये उलटावयास पान नाही. ती मौज अनुभवावयाची तर शाळेच्या ग्रंथालयातील, कोपरे दुमडलेली प्रतच हाती घ्यावी लागते, आणि तीही अशी, की जिच्या मुद्रकाने ती दोन चित्रे एकाच पानावर आणण्याची काळजी घेतली आहे. सगळेच मुद्रक ती घेत नाहीत. पान उलटून पाहिल्यावाचून ते समजत नाही.